रहाटणीच्या एजंटांनीं चिमाजी आबांस दाढीस उतरविलें त्याची हकीकत

गजाननास नमस्कार. कुलस्वामिनीस नमस्कार. नळाच्या पाण्यास, तें ज्या समयीं येईल त्या समयीं, नमस्कार. आतां तक्रार ऐकावी.

तक्रार ऐसी कीं, मौजे रहाटणी येथें 'शिखर हाइट्स' नामें पांच मजल्यांची इमारत, तिचे तळमजल्यावर राहणार राजश्री दिग्विजय वल्द अर्जुनराव काटकर, पेशा जागांची दलाली, अंगानें धडधाकट, काळा चष्मा लावून मोटारसायकलीवर बसले म्हणजे एखाद्या प्रांताचे सुभेदारच निघाले ऐसा डौल. परंतु गल्लींत कोणाचें सिलिंडर वर चढवणें असलें, कोणा म्हातारीस बँकेपर्यंत सोबत करणें असलें, गणपतीच्या मांडवाचा बांबू धरणें असलें, कीं साहेबांचा फोन कानास लागलाच, आणि हातानें 'आलों, आलों' ऐसी खूण करीत स्वारी जी पसार व्हावी ती जेवणाचे ताटावरच प्रकट व्हावी. बरें, हेंहि सोसलें असतें. परंतु तोच इसम पार्टी घेऊन आला म्हणजे, आणि पार्टी म्हणजे घर पाहावयास आलेलें गिऱ्हाईक, गेटांतून शिरतांच दोन्ही हात पसरून सांगणार, "सर, फ्लॅट सोडा, शेजार बघा. एका हाकेला दहा माणसं धावतात." त्या दहांत आपण नाहीं, हें मात्र सांगणार नाहीं.

हें वाक्य त्यांच्या मातोश्री कौशल्याबाईसाहेब गेटाजवळील कट्ट्यावर शेंगा निवडीत बसून दर रविवारीं ऐकत, आणि दर वेळीं एका शेंगेचा नाहक चुराडा होई.

बाईसाहेब मूळच्या माण तालुक्याच्या. शाळा पाहिली ती चवथीपर्यंत, तीहि शेळ्या राखावयास दुसरें कोणी सांपडलें त्या दिवशीं. परंतु त्यांचा अंमल ऐसा कीं, रहाटणीचे तमाम एजंट त्यांस वांकून रामराम करीत. याचें कारण कट्टा. पार्टी केवढीहि मातब्बर असो, हिंजवडीच्या कंपनीची असो वा चाकणच्या कारखान्याची, फ्लॅट पाहून खालीं आली म्हणजे एजंटाचा डोळा चुकवून कट्ट्याशीं येई आणि हळूच पुसे, "मावशी, पाणी कसं आहे?" त्या एका सवालावर सौदा तरे अथवा बुडे. आणि बाईसाहेब आजपावेतों सर्वांस इतकेंच सांगत आल्या, "येतंय की." कधीं येतें, किती येतें, आणि आल्यावर कोणाचे मजल्यापर्यंत चढतें, हें त्यांनीं पोटांत ठेविलें होतें. दुसऱ्याचे पोरांचे पोटावर पाय देऊं नये, ऐसी त्यांची रीत.

त्याच इमारतीचे पांचव्या मजल्यावर चिमाजी आबा नामें एक वृद्ध गृहस्थ एकटे राहत. चाकणास भट्टीपुढें उमर घातली, पत्नी निवर्तली, लेक नाशकास दिली. गुडघे दोन्ही फितूर. हा फ्लॅट त्यांस दिग्विजयानेंच विकला होता, आणि विकतांना ऐसें बोलला होता कीं, आबा, लिफ्ट असतां गुडघ्यास काय करावयाचें, वारा तर महाबळेश्वराचा, आणि शेजाराचें तर विचारूंच नका. मग काय जाहलें कीं, दिवाळीचे आधीं लिफ्ट दुसऱ्या व तिसऱ्या मजल्यांचे मध्यें जी अडकून बसली ती हत्ती बसावा तैसी बसली. बिल्डर म्हणे सोसायटीनें पाहावें, सोसायटी म्हणे बिल्डरानें पाहावें, आणि लिफ्ट दोघांकडे पाहत तिथेंच. आबा पांचव्या मजल्यावर नजरकैदेंत पडले.

त्यांस दोन वेळचा डबा बाईसाहेबांचे घरून जाई. त्याची ददात नव्हती. ददात होती ती दाढीची. गल्लीचे तोंडाशीं कोंडीरामाचें सलून, आणि आबांचा नेम ऐसा कीं रविवारची दाढी तिथेंच. कोंडीराम भला माणूस. एकदां पेटी घेऊन पांच मजले चढून वर गेला आणि घरांतच दाढी करूं लागला. तों अर्ध्यांत आबांनीं हात धरिला आणि बोलले, "कोंडीराम, ही काय दाढी झाली? मोठा आरसा न्हाई, रेडिओ न्हाई, रस्ता दिसत न्हाई, आन् शिव्या द्यायला शेजारच्या खुर्चीत गिऱ्हाईक न्हाई. ऱ्हाऊ दे." त्या दिवसापासून दाढी वाढली ती छातीवर आली. तेंहि असो. परंतु पुढें डबा अर्धा परत येऊं लागला, आणि मग एके दिवशीं भाकरी जैसीच्या तैसी, घडी देखील न मोडतां, परत आली.

भाकरी परत येणें हें बाईसाहेबांचे राज्यांत बंडासमान. त्यांनीं डबा उघडून पाहिला, मिटला, पुन्हां उघडून पाहिला, आणि त्याच पावलीं चिरंजीवांस हुजूर दाखल होण्याचा हुकूम सोडिला.

"दिग्या, रविवारी आबांना खाली न्यायचं, कोंडीरामाकडं. चार माणसं बघ."

"आई, रविवार म्हणजे आमचा सीझन. पार्ट्या रविवारीच मोकळ्या असतात."

"आन् आबा काय सोमवारी कंपनीत जात्यात?"

"बरं, पॅकर्सवाल्याला सांगतो. त्यांची पोरं उचलतील."

"आबा म्हंजे कपाट हाय व्हय रं?"

चिरंजीव डोकें खाजवूं लागले. तेव्हां बाईसाहेब पुढें सरकून बोलल्या, "तू त्यास्नी नुसता फ्लॅट इकला न्हाईस. शेजार इकलास. वाऱ्याचं आमी बघून घेतलं, त्यो येतोय. शेजाराचा ताबा कुठं हाय? दे की."

हा घाव वर्मीं लागला. दिग्विजयानें मुकाट्यानें फोन काढिला आणि 'रहाटणी काळेवाडी एजंट परिवार' या नांवाचा जो ग्रूप, ज्यांत या मुलखाचे झाडून सारे दलाल सामील, त्यावर मजकूर घातला कीं, रविवारीं सकाळीं एका वृद्ध गृहस्थांस पांचव्या मजल्यावरून खालीं आणावयाचें आहे, समाजकार्य आहे, सर्वांनीं यावें. जबाब तत्काळ आले. हात जोडल्याचीं चित्रें आलीं. गुलाबाचीं फुलें आलीं. कोणी 'मानलं भावा' लिहिलें, कोणी 'असेच कार्य घडो' लिहिलें, आणि सलिल नामें पिंपळे सौदागरच्या एका एजंटानें आपल्या खर्चानें फ्लेक्स लावण्याची तयारी दाखविली, त्यावर स्वतःचा फोटो मध्यें व आबांचा कोपऱ्यांत. येतों म्हणून लिहिणारा एकहि निघाला नाहीं.

बाईसाहेबांनीं तीं फुलें सुनेकडून, म्हणजे वर्षालीकडून, पाहून घेतलीं आणि बोलल्या, "हार कराय पुरतील." मग आज्ञा जाहली कीं कुमक नाहीं तर नाहीं, घरच्या फौजेनिशीं कूच करावें.

रविवारचा दिवस उगवला. घरची फौज म्हणजे दिग्विजय आणि त्यांचे तीर्थरूप अर्जुनराव, ज्यांची कंबर लेथवर उभें राहून आधींच खर्ची पडलेली. आबांस हाताची लांकडी खुर्ची दिली. पॅसेज अरुंद, खुर्ची फिरेना, म्हणून आबांची लोखंडी ट्रंक बाहेर जिन्यांत काढिली. वाटेंत टेंकावयास लागेल म्हणून गादीची वळकटी संगें घेतली. आबांनीं टोपी चढविली, दाढी शर्टाचे बाहेर काढिली, आणि स्वारी निघाली ती चवथ्या मजल्याचे वळणावर येऊन थांबली. अर्जुनरावांनीं 'अग आई गं' इतकाच उद्गार काढिला आणि कंबर धरून गादीवर बसले. दिग्विजय एकटा खुर्चीस धरून उभा. पुढें जाववेना, मागें जाववेना.

आतां या समयीं जें घडलें तें एजंट लोकांतच घडावें, दुसऱ्यांत घडणें नाहीं. समोरचे चहाच्या टपरीवर नंदकिशोर नामें एक नामांकित एजंट उभा होता. त्याची नजर जिन्याचे जाळींतून वर गेली. त्यांत काय दिसलें? ट्रंक. गादी. खुर्चींत म्हातारा, डोक्यावर टोपी. दुसरा कोणी असता तर म्हणता, अरे, म्हातारबाबा आजारी दिसतात, जावें आणि हात लावावा. परंतु एजंटाचे डोळ्यास जिन्यांत गादी दिसली म्हणजे घर रिकामें जाहलें, हा त्यांचे विद्येंतला पहिला धडा. नंदकिशोरानें चहा तैसाच टाकिला, फोटो काढिला, आणि त्याच ग्रूपवर, त्याच फुलांचे खालीं, मजकूर घातला: शिखर हाइट्स, पांचवा मजला, टू बीएचके, पार्टी निघाली, ताबा लगेच.

या खेपेस फूल एकहि आलें नाहीं. रहाटणींत, काळेवाडींत, पिंपळे सौदागरांत एकाच वेळीं स्कूटरी सुरू जाहल्या.

चहाची एक उकळी फुटते न फुटते तों फौजा लोटल्या. अघाडीस नंदकिशोर, मागून सलिल, त्याचे मागून मोनिका मॅडम, ज्यांची या धंद्यांत मोठी जरब, आणि त्यांचेबरोबर समर्थ व सुखदा हें नवपरिणीत जोडपें, हिंजवडीस कंपनींत, घर पाहूं पाहूं टेंकीस आलेलें. आणखीहि कित्येक, ज्यांचीं नांवें लिहावयास जागा पुरणार नाहीं. सर्वांनीं एकदम जिन्यावर चाल केली आणि चवथ्या मजल्याचे वळणावर आबांचे खुर्चीशीं येऊन धडकले. जिना अरुंद. खुर्ची आडवी. वर जावयास वाट नाहीं.

नंदकिशोर धापा टाकीत पुढें जाहला. "नमस्कार आबा. कुठं शिफ्ट होताय?"

"कोंडीरामाकडं."

"अच्छा. भाड्यानं का ओनरशिप?"

"दाढीला."

"बरं बरं. पण चावी कुणाकडं ठेवलीय?"

"करगोट्याला बांधलीय. येतोस काढायला?"

दिग्विजय ओरडून सांगूं लागला कीं, बाबांनो, घर विकावयाचें नाहीं. परंतु त्यांचे धंद्यांत 'घर विकायचं नाही' याचा अर्थ 'मीच विकणार' ऐसा होतो, सबब कोणाचाहि विश्वास बसेना. मोनिका मॅडम बोलल्या, "नंदूभाऊ, ग्रूपवर टाकलं ना तुम्ही? मग ते सगळ्यांचं." नंदकिशोर बोलला, "फोटो माझा आहे!" सलिल बोलला, "दिग्विजय, भावा, अर्धं अर्धं करू." या गर्दींत अर्जुनराव गादीवरून कोणाच्या तरी पायाखालीं सरकत होते, तें कोणी पाहीना.

आणि मग खालून लोखंडी दार लागल्याचा आवाज आला.

कौशल्याबाईसाहेब कट्ट्यावरून उठल्या होत्या. वॉचमन गणराज यांजकडून जिन्याचे दारास आंतून कुलूप लावविलें, किल्ली कमरेस खोंवली, आणि एक एक पायरी चढत स्वतः तिसऱ्या मजल्यावर येऊन उभ्या राहिल्या. वर आबांची खुर्ची, खालीं बाईसाहेब, मध्यें साऱ्या रहाटणीचे दलाल. ऐसा कोंडमारा त्या लोकांनीं जन्मांत पाहिला नव्हता. तेव्हां बाईसाहेबांनीं फर्मान सोडिलें तें येणेंप्रमाणें: कीं तुम्ही सर्वजण या गल्लीचे वाऱ्यावर, उजेडावर आणि माणसांवर जगतां, या गल्लींतलीं माणसें तुम्ही अत्तरासारखीं गिऱ्हाइकांचे नाकास लावितां, तरी आजपावेतों कोणाचे पाठीस हात लाविला नाहीं. तुमची फुलें पोंचलीं. आतां खांदे पोंचूं द्यावेत. आबांची खुर्ची खालीं दाराशीं आल्याखेरीज हें दार उघडणार नाहीं.

कोणी मागून कुजबुजला कीं हें अति होतें. बाईसाहेबांनीं तिकडे पाहिलें देखील नाहीं.

"आन् ज्यो हात लावणार न्हाई," त्या बोलल्या, "त्याच्या पार्टीला मी पाण्याचं सांगीन."

मोनिका मॅडमनीं समर्थ-सुखदाकडे चोरून पाहिलें.

"समदं सांगीन."

हे शब्द कानीं पडतांच मोठमोठे टॉवर विकलेले बहाद्दर फोन खिशांत घालून, बाह्या सारून पुढें जाहले. चौघांनीं खुर्चीचे चार पाय धरावे इतकी साधी गोष्ट. परंतु हे जातीचे एजंट. पुढला उजवा पाय नंदकिशोर व सलिल दोघांनींहि धरिला. नंदकिशोर म्हणे, "आबा मी आधी पाहिले." सलिल म्हणे, "पाहिले असतील, उचलले कुणी?" शेवटीं बाईसाहेबांनीं सलिलचे हातांत अर्जुनराव दिले आणि तंटा मिटला. मागला एक पाय मोनिका मॅडमनीं पदर खोंवून धरिला आणि तोच काय तो सर्वांत सरळ राहिला, कारण रोज पार्टीचे पुढें पांच पांच मजले चढून, वर 'तेवढाच व्यायाम' म्हणून हंसून दाखविण्याचा त्यांस सराव. दिग्विजय पुढें डाव्या अंगास. समर्थानें वरल्या ट्रंकेकडे पाहिलें, पण बाईसाहेबांमागून चढून आलेल्या गणराजानें सांगितलें कीं ती तशीच राहूं द्या, मग त्यानें मागला उरलेला पाय धरिला. सुखदेनें आबांचा चष्मा सांभाळिला.

मोहीम पुन्हां चालूं लागली. परंतु जिभेची संवय जात नाहीं. तिसऱ्या मजल्यावर नंदकिशोर घामाघूम होत बोलला, "आबा, हे लँडिंग बघा. समोरासमोर खिडक्या. उन्हाळ्यात पंखा लागत नाही."

"लेका, मला उतरवतोस का इकतोस?"

दुसऱ्या मजल्याचे वर ती अडकलेली लिफ्ट आली. आबांनीं तिला लष्करी सलाम केला. नंदकिशोर पुन्हां संवयीनें बोलून गेला, "लिफ्टचं काम होतंय लवकरच."

आबांनीं मान वळवून दिग्विजयाकडे पाहिलें. रागानें नाहीं. जुन्या भट्टीकडे पाहावें तैसें पाहिलें, आणि हळूच बोलले, "तूबी असंच म्हनला व्हतास, दिग्विजय."

दिग्विजयानें मान खालीं घातली ती तळमजला येईतों वर काढिली नाहीं, आणि खुर्चीचा त्याचे अंगाचा कोपरा त्यापुढें एकदांहि कलला नाहीं.

कोंडीरामाचे सलूनांत काय थाट! त्यानें रेडिओ मोठा केला, आरसा पुसला, शेजारचे खुर्चीवरील गिऱ्हाईक आबांस शिव्या द्यावयास मिळावें म्हणून बसवूनच ठेविलें. वस्तरा चालला. छातीवरची दाढी जमिनीवर पडली आणि आंतून ओळखीचा चिमाजी आबा बाहेर आला. आबांनीं रस्ता पाहिला, आरसा पाहिला, शेजारच्यास दोन शिव्या दिल्या, एक घेतली, आणि मग बोलले, "कोंडीराम, भूक लागली रं." टपरीवरून वडापाव आला. तो संपला. दुसरा आला. बाईसाहेब सलूनाचे दारांत उभ्या होत्या. त्यांनीं पदर डोळ्यांस लाविला आणि या टपरीवाल्याचा कांदा फार तिखट, ऐसें रस्त्याकडे पाहून सांगितलें.

तों इकडे एजंटमंडळी एक एक करून स्कूटरींकडे सरकूं लागलीं होतीं. कारण जो उतरला त्यास चढवावें लागतें, ही गोष्ट तोंपर्यंत कोणाचेच ध्यानीं आली नव्हती, आणि आतां सर्वांचे एकदम आली. नेमकें त्याच क्षणीं सुखदा बाईसाहेबांजवळ येऊन पुसती जाहली, "काकू, इथं पाणी कसं आहे हो?"

मोनिका मॅडमचा चेहरा उतरला. सर्व स्कूटरी बंद पडल्या.

बाईसाहेबांनीं एकवार सर्वांवर नजर फिरविली आणि बोलल्या, "सकाळी येतंय, घटकाभर. वरच्या मजल्याला दम लागतोय. लिफ्ट बंद हाय. समदं खरं सांगितलं, बाळा. आता माणसं कशी हायेत त्ये थांबून बघ. मलाबी बघायचंय."

इतक्यांत दिग्विजयाचा फोन वाजला. चिंचवडास मोठी पार्टी, गेटावर उभी, लगेच या. दिग्विजयानें फोनाकडे पाहिलें. आईकडे पाहिलें. संवयीनें हात वर जाऊन 'आलों, आलों' ऐसी खूण करूं लागला, तो अर्ध्यांतच थांबला. मग त्यानें फोनांत सांगितलें, "सर, आज जमणार नाही. शेजारी काम आहे." फोन कोंडीरामाचे खणांत ठेविला, वस्तऱ्यांशेजारीं, आणि जाऊन आबांचे खुर्चीचा पुढला पाय एकटाच धरिला.

हें पाहतांच नंदकिशोराचे डोक्यांत लख्ख उजेड पडला. दिग्विजय एकटा म्हाताऱ्यास वर नेतो म्हणजे उद्यां गल्लींतली तमाम आजी-आजोबा मंडळी त्याचेच नांव घेणार, आणि पुढें केव्हां तरी कोणास घर बदलणें जाहलें तर हांक कोणास मारणार? तो धांवत आला. तो आला म्हणून सलिल आला, सलिल आला म्हणून बाकीचे आले, आणि मोनिका मॅडम तर कोणाची वाट न पाहतां आपला मागला पाय धरून केव्हांच उभ्या होत्या. कारण कांहीं असो, बाईसाहेबांस खांद्यांशीं काम होतें. आबा वर चढले ते पालखींत बसल्यासारखे चढले, आणि वाटेंत प्रत्येक मजल्यावर दारें उघडून शेजाऱ्यांनीं त्यांचे गुळगुळीत गाल पाहिले.

येणेंप्रमाणें मोहीम फत्ते जाहली. आमचे पक्षाकडील नुकसान: अर्जुनरावांची कंबर, दिग्विजयाचा जिन्यांत पायांखालीं तुडविला गेलेला काळा चष्मा, आणि नंदकिशोराचा अर्धा चहा. लाभ: एक दाढी. तह ऐसा ठरला कीं, लिफ्ट हालेपर्यंत दर रविवारीं सकाळीं, पार्ट्या सुरू होण्याचे आधीं, एजंट परिवारानें पाळीपाळीनें आबांस उतरवावें आणि चढवावें, आणि गल्लींत ज्यांस बँकेंत, दवाखान्यांत सोबत पाहिजे त्यांनीं कट्ट्यावर वर्दी द्यावी. नंदकिशोरानें तो तह ग्रूपवर घातला. एक फूल आलें, तें बाईसाहेबांचे धाकानें तत्काळ मागें घेतलें गेलें. समर्थ-सुखदा यांनीं पहिल्या मजल्यावरील रिकामा फ्लॅट पाहूं म्हटलें. संध्याकाळचा डबा खालीं आला तो रिकामा, धुतलेला. हें सर्व लिहून ठेविलें, कीं पुढील लोकांस कळावें.

आतां एकच राहिलें. आबांस घरांत बसवून सर्वजण पांगले तेव्हां दिग्विजय पांचव्या मजल्याचे पायरीवर भिंतीस टेंकून बसला होता, शर्ट घामानें अंगास चिकटलेला, बोलावयास दम नाहीं. बाईसाहेब पाण्याचा तांब्या घेऊन वर आल्या. त्यांनीं तो त्याचे हातीं दिला, तो घटघटां पिईपर्यंत उभ्या राहिल्या, आणि रिकामा तांब्या परत घेत बोलल्या:

"घर इकून लई दिस झालं, दिग्या. ताबा तू आज दिलास. ऊठ आता, आबांची ट्रंक आन् गादी अजून जिन्यातच हाय."